मेहनत माझी होती, मग हा तकब्बुर कसा?

पत्र:

“अस्सलामु अलैकुम. वय ४३, राहणार खारघर, मूळ गाव म्हसळ्याकडचं. न्हावा-शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलून भिवंडीच्या गोदामांत पोचवणं हा माझा धंदा. एका जुन्या ट्रेलरवर सुरुवात केली, आज चौदा ट्रेलर आहेत आणि कळंबोलीत स्वतःचं ऑफिस आहे. दोन महिन्यांपूर्वी नव्या फ्लॅटची कुरआनखानी ठेवली होती. माझे मोठे भाई कौशाहून आले होते. पाहुण्यांसमोर ते म्हणाले, ‘सगळा अल्लाहचा फजल (कृपा), आणि आमच्या अम्मीची दुआ.’ मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘भाई, फजल खरा. पण रात्री दोन वाजता गेटबाहेरच्या रांगेत मी उभा होतो, बाकी कुणी नव्हतं.’ भाई गप्प झाले. असरच्या नमाजला म्हणून उठले ते जेवायला परत आलेच नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. बायको म्हणते, तुमच्यात तकब्बुर (गर्व) आलाय. मी पाच वक्तांचा नमाजी आहे, जकात पैन् पै हिशेबाने काढतो. खरं बोललो हा गुन्हा झाला का? भाईंनी सौदीत दम्मामला बारा वर्षं काढली आणि माझी फी भरली, हे मी नाकारत नाही. पण धंदा मी उभा केला. त्यांचा खरा राग वेगळाच असावा. गेल्या वर्षी ते त्यांच्या पोराला माझ्या ऑफिसात मॅनेजर म्हणून घे म्हणत होते. पोराला धड ईमेल लिहिता येत नाही, मी नाही म्हणालो. ड्रायव्हर लोकही मला कडक म्हणतात, पण या लाइनीत मऊ वागलं की माणसं डोक्यावर बसतात. माझ्या दारावर ‘हाजा मिन फज्ले रब्बी’ (हा माझ्या रबचा फजल) अशी पाटी आहे. मी नाशुक्रा (कृतघ्न) नाही. मग माझं चुकलं कुठे?”

उत्तर:

वालेकुम अस्सलाम, भाऊ.

जागेअभावी तुमचं पत्र वर थोडक्यात दिलं आहे. मूळ पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यात एक गोष्ट खटकत होती. धंदा कसा उभा राहिला याला तुम्ही तीन पानं दिली आहेत. पहिला ट्रेलर, त्याचा सारखा उतरवावा लागणारा गिअरबॉक्स, भर पावसात शिळफाट्याला बंद पडलेली गाडी, पार्टीने अडकवून ठेवलेलं बिल, सगळं बारकाव्यानिशी लिहिलंय. वाचताना तुमच्याबद्दल आदर वाटला, हे मनापासून सांगते. भाईंच्या दम्मामच्या बारा वर्षांना मात्र एक ओळ आली आहे. तीही ‘हे मी नाकारत नाही’ अशी. आरोप झाला की माणूस असं बोलतो. भाईंनी तर आरोप केलेलाच नाही.

तुमची बाजू जिथे खरी आहे तिथे ती पूर्ण मान्य करून पुढे जाऊ. कष्ट करणाऱ्याने ‘मी कष्ट केले’ म्हणणं हा गुन्हा नाही. स्वतःच्या हाताने कमावलेल्या घासापेक्षा चांगला घास कुणी कधी खाल्ला नाही, आणि अल्लाहचे नबी दाऊद (अलै.) स्वतःच्या हाताची कमाई खात, असं पैगंबर (स.) यांनी सांगितल्याची हदीस बुखारी या हदीससंग्रहात आहे. दाऊद बादशहा होते. बसून खायचं म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? पण कुरआन सांगतो की त्यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि ते चिलखतं घडवत. त्याच सूरह सबामध्ये पुढे दाऊदच्या घराण्याला हुकूम आहे की शुक्र (कृतज्ञता) म्हणून काम करा, आणि लगेच म्हटलं आहे की माझ्या बंद्यांत शुक्रगुजार थोडेच (३४:१३). म्हणजे तिथे काम आणि शुक्र एकाच ओळीत, हातात हात घालून आले आहेत. ‘मेहनत की फजल’ हा सामना तुम्ही त्या दिवशी दिवाणखान्यात लावलात. दीनने, म्हणजे आपल्या धर्माने, तो कधी लावलेला नाही.

मग तकब्बुर म्हणजे नेमकं काय? याचं उत्तर आपल्याला अंदाजाने शोधावं लागत नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्याच्या मनात कणभर तकब्बुर असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही, असं पैगंबर (स.) म्हणाले. तेव्हा एकाने विचारलं की माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पायतण चांगलं असावं असं वाटतं, मग त्याचं काय? उत्तर मिळालं, ‘अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं. तकब्बुर म्हणजे खरं झिडकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं.’

तुमच्यासारख्या माणसाला या उत्तरात केवढा मोठा दिलासा आहे बघा. नवा फ्लॅट तकब्बुर नाही. चौदा ट्रेलर तकब्बुर नाही. चांगला शर्ट घालणं, ऑफिसला काचेचा दरवाजा बसवणं, पाहुण्यांना पोटभर अखनी पुलाव वाढणं, यातलं काहीच नाही. मोजायच्या गोष्टी दोनच. खरं समोर आल्यावर मी ते घेतो का, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी काय समजतो. या दोन्हींवर तुमचं दिवाणखान्यातलं वाक्य ठेवून बघू.

‘रात्री दोन वाजता रांगेत मी उभा होतो.’ खरं आहे. इथे थांबला असतात तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. ‘बाकी कुणी नव्हतं.’ इथून बिघडलं. इब्लीसची गोष्ट लहानपणी मदरशात सगळ्यांनीच ऐकलेली असते, पण त्यातली एक बाजू आपण सहसा बघत नाही. आदमला सजदा करायला सांगितल्यावर त्याने कारण दिलं की मला तू आगीपासून घडवलंस आणि त्याला मातीपासून. यात काय खोटं होतं? आगीपासून तो होताच, आदम मातीचे होतेच. तपशील खरा होता. त्याला धक्के मारून बाहेर काढलं ते त्या तपशिलाच्या आधीच्या शब्दांमुळे, ‘मी त्याच्यापेक्षा बरा.’ खऱ्या गोष्टीचा उपयोग दुसऱ्याला खाली बसवायला केला की ती खरी असूनही नासते. तुमच्या बायकोला हेच दिसलं असावं. तिने तुम्हाला खोटारडं म्हटलेलं नाही, तकब्बुर म्हटलं आहे, आणि तुम्ही उत्तर देताय की मी खोटं बोललो नाही. तिच्या बोलण्याला हे उत्तर होत नाही.

आणि ‘बाकी कुणी नव्हतं’ हे खरं तरी आहे का? त्या रांगेत स्टिअरिंगवर कुणी बसलं होतं ना? तुम्ही रात्रीचे घराबाहेर असताना घरी लेकरांच्या तापाला कुणी जागत होतं ना? कंटेनरचे कागद समजायला जे शिक्षण लागलं, त्याची फी कुणीतरी भरली होती ना?

आता कारून. मला वाटतं कुरआनातला हा माणूस तुम्ही एकदा शांतपणे वाचायला हवा, सूरह कसस, आयत ७६ पासून ८२ पर्यंत. तो मूसा (अलै.) यांच्याच कौमचा होता. त्याच्या खजिन्यांच्या किल्ल्या उचलताना दणकट माणसांची टोळी वाकायची. त्याची माणसं त्याला समजावतात ते फार मोलाचं आहे. मिजास करू नकोस, अल्लाहने दिलंय त्यातून आखिरत (परलोक) कमव, दुनियेतला तुझा वाटाही विसरू नकोस, आणि अल्लाहने तुझं भलं केलं तसं तू लोकांचं भलं कर. संपत्ती फेकून दे, असं कुणी म्हणत नाही. उलट तुझा वाटा विसरू नकोस म्हणतात. यावर कारूनचं उत्तर एका वाक्यात आहे, ‘हे मला माझ्या स्वतःच्या ज्ञानामुळे मिळालं आहे.’ पुढे जमीन त्याला त्याच्या वाड्यासकट गिळते. आदल्या दिवशी ज्यांना त्याच्या जागी असावंसं वाटत होतं, तेच दुसऱ्या दिवशी म्हणतात की अल्लाहचा एहसान नसता तर आपणही गडप झालो असतो. भाऊ, तुम्ही कारून आहात असं मी म्हणत नाही. जकात हिशेबाने काढणारा, चूक कुठे झाली हे विचारायला पत्र लिहिणारा माणूस कारून नसतो. पण वाक्य त्याचं आहे. आपल्या तोंडून कुणाचं वाक्य निघालं हे माहीत असलेलं बरं.

या वाक्याच्या नेमकं समोरचं वाक्य तुमच्या दारावर आहे.

‘हाजा मिन फज्ले रब्बी.’ राबोडीपासून कौशापर्यंत, तळोज्यापासून नेरुळपर्यंत कितीतरी दारांवर ही पाटी दिसते. पितळी, संगमरवरी, रात्री आतून दिवा लागणारी. ही सूरह नम्लच्या चाळिसाव्या आयतीचा तुकडा आहे आणि बोल सुलैमान (अलै.) यांचे आहेत. ते कधी बोलले गेले? सबाच्या राणीचं सिंहासन डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांच्यासमोर आणलं गेलं तेव्हा. आणि ते सुलैमाननी स्वतः आणलं नव्हतं. ज्याच्यापाशी किताबचं ज्ञान होतं अशा त्यांच्या दरबारातल्या एकाने आणलं. आता नीट बघा. कारूनपाशी ज्ञान होतं, त्याने श्रेय स्वतःकडे ओढलं. इथे ज्याने खरोखर काम केलं तो काम झाल्यावर श्रेयाचा एक शब्द बोलत नाही, आणि ज्याची सत्ता आहे तो म्हणतो की हा माझ्या रबचा फजल.

पाटीवर न मावणारा पुढचा भाग तर तुमच्यासाठीच आहे असं वाटावं इतका नेमका आहे. ‘हा माझ्या रबचा फजल, तो माझी परीक्षा घेतोय की मी शुक्र करतो की नाशुक्री.’ म्हणजे फजल मिळणं ही निकालाची पत्रिका नाही, प्रश्नपत्रिका आहे. घर झालं, ट्रेलर झाले, पाहुणे जमले, मोठ्या भावाने चार शब्द बोलले. तुमचा पेपर तिथे सुरू झाला होता. पाटी काढू नका. येताजाता तेवढी पूर्ण आयत आठवत चला.

आता भाईंकडे येते. या पत्रातला सगळ्यात मोठा माणूस मला तेच वाटतात, आणि तुम्हाला ते अजून दिसलेलं नाही.

त्या दिवशी ते काय म्हणाले ते पुन्हा वाचा. अल्लाहचा फजल आणि अम्मीची दुआ. स्वतःचं नाव त्यांनी घेतलंच नाही. ज्या माणसाने बारा वर्षं दम्मामला एसी दुरुस्तीची कामं केली (हे तुमच्याच पत्रात आहे), त्याला धाकट्याच्या नव्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर, ‘फी मी भरली होती’ म्हणायची संधी होती. त्याने ती घेतली नाही. श्रेय अल्लाहला दिलं, आईला दिलं आणि स्वतः बाजूला झाले. तुम्हाला मात्र त्यात तुमचं नाव नाही एवढंच ऐकू आलं.

कोकणातल्या आपल्या घरांत हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामं निघाली, आणि म्हसळा, श्रीवर्धन, खेड, मंडणगड इकडची जवान पोरं गेली ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या जातच राहिली. मागे घरी ड्राफ्ट यायचा. ड्राफ्टवर छपराची कौलं बदलली, बहिणींचे निकाह झाले, धाकट्यांची कॉलेजं झाली. दम्मामच्या उन्हात इमारतीच्या गच्चीवर लोखंडी पत्र्याला हात लावून एसी उघडणारा माणूस महिन्याच्या शेवटी काय काय मोजून बाजूला काढायचा, हे त्या ड्राफ्टवर कधी लिहिलेलं नसायचं. दोन-दोन वर्षांनी तो यायचा तेव्हा त्याच्या बॅगेत सगळ्यांसाठी काही ना काही असायचं, आणि त्याची स्वतःची मुलं त्याला बघून आईच्या मागे लपायची. आज ईमेल न येणारा जो पोरगा तुम्ही सांगता, त्याचा बाप त्याच्या शाळेच्या वर्षांत कुठे होता याचा हिशेब एकदा मांडून बघा. तुमच्या फीचे पैसे जिथून येत होते तिथेच तो बापही होता.

कुरआन सूरह लुकमानमध्ये म्हणतो की माझा शुक्र कर आणि आपल्या आई-बापाचा (३१:१४). अल्लाहने स्वतःच्या शुक्राला लागून माणसांचा शुक्र ठेवला. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्याकडे हदीस आहे की जो माणसांचा आभारी नाही तो अल्लाहचाही आभारी नाही. म्हणून ‘मी अल्लाहचा शुक्र करतो, भाईंचा विषय वेगळा’ अशी वाटणी चालत नाही. फजल आभाळातून थेट खारघरच्या फ्लॅटवर पडत नाही. तो कुणाच्या तरी हातून येतो, आणि तो हात ओळखणं हा शुक्राचा भाग आहे.

या ओघात आणखी एक सांगते. तुमचा व्यवसाय ज्या बंदरावर चालतो ते १९८९ मध्ये सुरू झालं. बंदर आणि नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे ती ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची होती. भातशेती आणि मिठागरं होती तिथे. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. विकसित जमिनीतले साडेबारा टक्के मूळ मालकाला परत देण्याची जी पद्धत आज सगळ्यांना ठाऊक आहे, ती त्या आंदोलनातून आली. तुम्ही, मी, आपण सगळे इथे नंतर आलो आणि स्थिरावलो. एखाद्याची शेतं गेली तेव्हा आपल्याला रस्ता मिळाला. ‘मी एकट्याने उभं केलं’ असं या भागात कुणालाच म्हणता येणार नाही, तुम्हाला नाही आणि तुमच्या बिल्डरलाही नाही.

ड्रायव्हरांबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तो विषय जाता जाता सोडवत नाही. लोकांना तुच्छ लेखण्याची सवय घरात नव्याने लागत नाही, ती कामाच्या ठिकाणाहून घरी येते. हजरत अबू जर (रजि.) केवढे मोठे सहाबी (पैगंबरांचे साथीदार), पण त्यांनीही एकदा एकाला त्याच्या आईवरून हिणवलं. पैगंबर (स.) त्यांना म्हणाले, ‘तुझ्यात अजून जाहिलियत (इस्लामपूर्व अज्ञानाची वृत्ती) शिल्लक आहे. हे तुमचे भाऊ आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली ठेवलंय. आपण खातो त्यातलं त्यांना खाऊ घाला, आपण घालतो तसं त्यांना घाला, झेपणार नाही एवढं काम लादू नका, आणि लादलंत तर स्वतः हात लावा.’ पुढे रबजा नावाच्या ठिकाणी कुणीतरी अबू जरना पाहिलं तेव्हा जसं वस्त्र त्यांच्या अंगावर होतं तसंच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होतं. विचारल्यावर त्यांनी हीच हकिकत सांगितली. चूक दाखवल्यावर तो माणूस किती बदलला ते या एका कपड्यात दिसतं.

धंद्यात शिस्त लागते हे मला मान्य आहे. डिझेल चोरणाऱ्याला जाब विचारा, दारू पिऊन गाडीवर बसणाऱ्याला त्याच दिवशी खाली उतरवा. त्याला तकब्बुर म्हणत नाहीत. पण रात्रभर गेटवर अडकलेला ड्रायव्हर काय खातो, कुठे आंघोळ करतो, पगाराची तारीख पुढे गेली तर त्याच्या घरी काय होतं, हे विचारल्याने कुणी डोक्यावर बसत नाही. कुरआनखानीला चौदा गाड्यांच्या ड्रायव्हरांपैकी किती जण वर फ्लॅटमध्ये पाहुण्यांबरोबर जेवायला बसले होते? पत्रात तसा उल्लेख नाही म्हणून विचारते. जुम्याच्या नमाजला ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता, त्याला ताटाच्या वेळी खाली पार्किंगमध्ये डबा पाठवत असाल तर विचार करा.

नमाज आणि जकातबद्दलही थोडं. ती तुम्ही तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडली आहेत. नुसत्या फर्ज (सक्तीच्या) नमाजांत रोज १७ रकात (आवर्तनं) होतात, प्रत्येकीत दोन सजदे, म्हणजे रोज ३४ वेळा कपाळ जमिनीला टेकतं. शरीरातला सगळ्यात वरचा भाग सगळ्यात खाली. तकब्बुर जिथे बसतो तिथेच हा इलाज लावलेला आहे, म्हणून त्याच सजद्याच्या जोरावर ‘माझ्यात तकब्बुर असूच शकत नाही’ म्हणू नका. इमाम गजाली यांनी तकब्बुरच्या वाटा सांगितल्या त्यांत पैसा आणि घराणं तर आहेच, पण इल्म (ज्ञान) आणि इबादत (उपासना) हीही आहेत. आणि जकात हा मालदाराचा मोठेपणा नाही. कुरआन तिला मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क म्हणतो.

आता पुतण्याची नोकरी. इथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर या उत्तराचा अर्थ ‘भावाने मागितलं ते द्या’ असा निघेल. न झेपणारी जागा नात्यापोटी देणं हा शुक्र नाही. मूसा (अलै.) यांना कामावर ठेवा असं सुचवताना कुरआनातल्या एका मुलीने आपल्या वडिलांना काय सांगितलं? कामाला ठेवायला सगळ्यात चांगला तो, जो सक्षम आहे आणि विश्वासू आहे (२८:२६). मॅनेजरची जागा नाकारलीत, बरोबर केलंत. पण ‘धड ईमेल लिहिता येत नाही’ हे वाक्य भाईंसमोर म्हणालात का? पोरासमोर? नकार देणं आणि माणसाला हलकं करणं या दोन गोष्टी आहेत. लुकमान मुलाला सांगतात की लोकांपासून गाल फिरवू नकोस. नाही म्हणतानाही गाल समोर ठेवता येतो. आणि त्यांचा खरा राग नोकरीचाच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तसं असतं तर ते कुरआनखानीला आलेच नसते. तुम्हाला ते कारण सोयीचं आहे, कारण त्यात चूक त्यांची ठरते.

करायचं काय ते सांगते.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे की भावाशी तीन रात्रींपेक्षा जास्त अबोला धरणं जायज नाही, दोघं भेटतात, हा तोंड फिरवतो, तो तोंड फिरवतो, आणि त्यांतला चांगला तो जो आधी सलाम करतो. तुमचे दोन महिने होऊन गेले. कळंबोलीहून तळोजा, शिळफाटा करत भिवंडीला जाणारे तुमचेच ट्रेलर रोज रात्री कौशाजवळून, मुंब्रा बायपासवरून जातात. ज्या रस्त्याने तुमचा माल रोज जातो त्या रस्त्याने येत्या रविवारी तुम्ही जा. एकटे जा. बायको-मुलं बरोबर असली की तो समारंभ होतो आणि भाईंना मन मोकळं करता येत नाही.

पाकीट नेऊ नका. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्यासारख्या कर्तबगार माणसाला पहिलं तेच सुचेल. दम्मामच्या बारा वर्षांची रक्कम काढून चेक लिहाल तर हिशेब चुकता केल्यासारखं होईल, आणि भाईंचा दुसऱ्यांदा अपमान होईल. उपकाराची आठवण करून देऊन आणि दुखावून आपलं दान वाया घालवू नका, असं कुरआन सांगतो (२:२६४). तुम्ही दुखावलेलं आधीच आहे, त्यावर दान ठेवू नका. मिठाई न्यायची तर न्या, एरवी नेता तेवढीच.

बोलताना सफाई देऊ नका. ‘माझा तसा अर्थ नव्हता’, ‘त्या दिवशी थकलो होतो’, हे नको. ‘भाई, तुमच्यासमोर मी चुकीचं बोललो, माफ करा’ एवढं बोला आणि मग त्यांना दम्मामबद्दल विचारा. खोली कशी होती, किती जण राहायचे, पहिल्या वर्षी काय झालं, माझी फी भरली त्या वर्षी तुमचं काय राहून गेलं. तुमचा गिअरबॉक्स मला तीन पानांत कळला. त्यांचं काय काय मोडलं आणि त्यांनी कसं जोडलं, हे तुम्हाला या वयापर्यंत माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. ते टाळतील, ‘सोड रे, जुनं झालं’ म्हणतील. पुन्हा विचारा. चहा गार होईपर्यंत ऐका.

अपमान चारचौघांत झाला, त्यामुळे भरपाईही चारचौघांत लागते. वेगळी दावत ठेवू नका. पुढचा निकाह असेल, अकीका (बाळाच्या जन्मानंतरचा विधी) असेल, ईदला सगळे जमतील, तेव्हा कुणी धंद्याचं कौतुक केलं की सहज सांगा की मी शिकलो ते भाईंच्या पगारावर. एवढंच. डोळ्यांत पाणी आणून भाषण केलंत तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा तुमच्यावरच येतील.

बायकोला सांगा की तिचं म्हणणं तुम्ही ऐकलं. खरं झिडकारणं हा तकब्बुरचा पहिला अर्धा भाग आहे, आणि या दोन महिन्यांत खरं तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत एकटीने केली ती तिने. भाई पहिल्या भेटीत बोलले नाहीत, किंवा दारातच ‘बरं बरं’ म्हणून विषय संपवला, तर रागावून परत येऊ नका. दोन महिने गाठ आवळली गेली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जा.

नोकरीचा विषय या भेटीत अजिबात काढू नका, तुमच्या बाजूनेही नाही. माफीच्या बदल्यात नोकरी, असा सौदा दिसायला नको. महिना-दीड महिना जाऊ द्या. मग पुतण्याला एकट्याला कळंबोलीला बोलवा आणि विचारा की तुला काय करायचंय. कदाचित त्याला ऑफिस नकोच असेल, गॅरेजमध्ये हात काळे करायला आवडत असतील, किंवा खालच्या जागेवरून शिकत वर यायची तयारी असेल. भाईंनी त्याच्यासाठी मॅनेजरकी मागितली, तुम्ही ती नाकारली, आणि या सगळ्यात त्या पोराला अजून कुणी काही विचारलेलं तुमच्या पत्रात तरी दिसलं नाही.